हसण्याची चौकट : समोरच्या दातांभोवतीच्या हिरड्यांचे मोजमाप

तुळशीविवाह पार पडला, की जालन्याच्या बाजारपेठेला लग्नसराईची चाहूल लागते. सराफांच्या पेढ्यांवर गर्दी वाढते, मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि घराघरांतून परिचय मेळाव्यांसाठी माहितीपत्रके तयार होऊ लागतात. माहितीपत्रक म्हटले, की छायाचित्र आले आणि छायाचित्र आले, की हसणे आले. येथेच काही मुली व काही मुलगेही थबकतात. छायाचित्रकार ‘जरा मोकळे हसा’ म्हणतो आणि ओठ अधिकच घट्ट मिटतात. दात पांढरे असतात, रांगेत असतात, त्यांत कीडही नसते. तरीही हसताना काहीतरी खटकते आणि नेमके काय खटकते, ते सांगता येत नाही.

असे एखादे कुटुंब क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. मुलगी तेवीस वर्षांची, शिकलेली, नोकरीच्या उंबरठ्यावर. विवाह ठरलेला आहे आणि मुहूर्त पाच आठवड्यांवर आला आहे. आत्याने मोबाईलवर एक जाहिरात पाहिलेली आहे : समोरच्या आठ दातांवर पोर्सिलेनचे पातळ मुलामे, म्हणजे व्हिनिअर, बसवायचे आणि दोन भेटींत हास्य बदलून घ्यायचे. ‘‘बाई, आयुष्यात एकदाच लग्न होते, करून टाक,’’ असा आत्याचा आग्रह. आई म्हणते, ‘‘चांगले दात घासून कशाला घ्यायचे? आधी डॉक्टरांना दाखवू तरी.’’ वडील खर्चाचा विचार करीत गप्प आहेत. या घरातील तिन्ही मते प्रेमापोटी आलेली आहेत. परंतु मूळ प्रश्न कोणीच विचारलेला नाही : दोष दातांचा आहे की दातांभोवतीच्या हिरड्यांचा?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. ते मोजावे लागते आणि हे मोजमाप मिलिमीटरमध्ये, कधी कधी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत करावे लागते. लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जालनेकरांना मिलिमीटरचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. वरच्या जबड्यातील मधल्या पटाशीच्या दाताची सरासरी रुंदी साधारण साडेआठ मिलिमीटर असते. म्हणजे बांधकामात वापरल्या जाणाऱ्या ८ मिलिमीटरच्या सळईहून किंचित अधिक. एवढ्याशा जागेत अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक हसण्याचे रूप पालटू शकतो.

चित्र आणि चौकट

हसऱ्या तोंडाकडे पाहताना तीन रेषा एकत्र दिसतात. पहिली वरच्या ओठाची, दुसरी दातांच्या टोकांची आणि तिसरी हिरड्यांची. पहिल्या दोन रेषा सर्वांच्या लक्षात येतात. तिसरी मात्र चित्राच्या चौकटीसारखी असते : सरळ असेल तोवर तिच्याकडे लक्ष जात नाही आणि वाकडी झाली, की चित्रच वाकडे वाटू लागते.

प्रत्येक दाताभोवती हिरडीची एक कमान असते. त्या कमानीचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे तिचे शिखर. दंतवैद्यकाच्या भाषेत त्याला ‘झेनिथ’ म्हणतात. कमान अगदी मधोमध उंच असते, अशी सामान्य समजूत आहे, पण ती पूर्णपणे बरोबर नाही. २००९ साली अमेरिकेतील चू, टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० निरोगी व्यक्तींच्या समोरच्या दातांभोवतीची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत असे आढळले, की मधल्या पटाशीच्या दातावरील शिखर दाताच्या मध्यरेषेपासून बाहेरच्या, म्हणजे गालाच्या बाजूला सरासरी १ मिलिमीटर सरकलेले असते. शेजारच्या पटाशीच्या दातावर ते सरासरी ०.४ मिलिमीटर सरकलेले असते. सुळ्यावर मात्र ते जवळजवळ मध्यरेषेवरच असते.

उंचीचाही एक क्रम असतो. मधल्या दाताचे शिखर आणि सुळ्याचे शिखर जोडणारी एक रेषा कल्पिली, तर मधोमध असलेल्या शेजारच्या दाताचे शिखर त्या रेषेच्या सुमारे १ मिलिमीटर खाली राहते. उंच, जरा ठेंगणी, पुन्हा उंच, अशी ही कमानींची ओळ असते. जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात मोठ्या कमानींमध्ये एखादी लहान कमान शोभावी, तशी ती डोळ्याला सुखावते. कुशल दंतवैद्य सहाही कमानी एका उंचीवर आणण्याचा हट्ट धरीत नाही. तसे केले, तर हास्य साच्यातून काढल्यासारखे कृत्रिम दिसते.

मोजायची तिसरी गोष्ट म्हणजे प्रमाण. मधल्या दाताची दृश्य लांबी सरासरी साडेदहा ते अकरा मिलिमीटर असते. रुंदीला लांबीने भागले, तर उत्तर शेकडा ७५ ते ८० च्या आसपास यावे. ते ८५ च्या बरेच पुढे गेले, की दात आखूड व चौकोनी दिसू लागतो.

आता पुन्हा त्या मुलीकडे वळू. तिच्या मधल्या दाताची रुंदी ८.५ मिलिमीटर आणि दृश्य लांबी ८ मिलिमीटर भरली, असे समजू. भागाकार शेकडा १०६ येतो. दात लांबीपेक्षा रुंदच दिसतो. आता हा दात जन्मतःच आखूड आहे, झिजून आखूड झाला आहे, की पूर्ण लांबीचा असून हिरडीच्या पांघरुणाखाली दडलेला आहे? आरशात तिन्ही परिस्थिती सारख्याच दिसतात. उपचार मात्र तिन्हींचे वेगळे आहेत.

मोजणारी साधने

मोजमापासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. दंतवैद्याच्या ट्रेमध्ये एक बारीक, बोथट टोकाची, खुणा असलेली सळी असते. तिला पेरिओडोंटल प्रोब म्हणतात. काही प्रोबवर ठरावीक अंतरांच्या खुणा असतात, तर काहींवर १५ मिलिमीटरपर्यंत प्रत्येक मिलिमीटरची खूण असते. दाताची रुंदी व लांबी मोजण्यासाठी टोकदार कॅलिपर वापरतात. रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण एकाच वेळी दाखवणाऱ्या खास पट्ट्याही मिळतात. याखेरीज दातांचा साचा घेऊन प्लास्टरच्या नमुन्यावर मोजता येते किंवा तोंडात फिरवायच्या लहान कॅमेऱ्याने त्रिमितीय स्कॅन घेऊन संगणकाच्या पडद्यावर मोजता येते.

छायाचित्रांचेही महत्त्व आहे. ओठ सैल सोडलेले असताना, हलके हसताना, मोकळे हसताना आणि गाल बाजूला धरून केवळ दात व हिरड्या, अशी चार-पाच चित्रे समोरून सरळ घेतली जातात. ब्राझीलचे दंतवैद्य क्रिस्टियन कोचमन यांनी प्रचारात आणलेल्या ‘डिजिटल स्माईल डिझाईन’ या पद्धतीत अशा चित्रांवर रेषा आखून उपचाराचा आराखडा रुग्णाला आधीच दाखवला जातो. मात्र चित्रावरील अंतर खऱ्या अंतराशी जुळवून घ्यावे लागते. तोंडात मोजलेली दाताची खरी रुंदी हाताशी नसेल, तर पडद्यावरील सुंदर रेषांना आधार राहत नाही. मोबाईलने जवळून काढलेल्या चित्रात मधले दात प्रत्यक्षाहून मोठे भासतात, हेही ध्यानात ठेवावे.

ओठांचे मोजमाप वेगळे करावे लागते. ओठ सैल असताना वरच्या मधल्या दाताचा किती भाग दिसतो? १९७८ च्या विग आणि ब्रुंडो यांच्या प्रसिद्ध अभ्यासात स्त्रियांमध्ये हा भाग सरासरी ३.४ मिलिमीटर, तर पुरुषांमध्ये १.९१ मिलिमीटर आढळला होता. वय वाढते, तसा वरचा ओठ खाली येतो आणि हा आकडा कमी होत जातो. त्यामुळे पंचविशीत थोडी अधिक दिसणारी हिरडी पन्नाशीत आपोआप झाकली जाण्याचा संभव असतो. घाईने कापून टाकण्याआधी ही गोष्ट विचारात घेतली पाहिजे.

हिरडीखालची ‘किमान शिल्लक’

वर दिसणारी रेषा मोजून झाली, की खरे महत्त्वाचे मोजमाप सुरू होते. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या भागाचे.

हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते. कडेजवळ एक उथळ फट असते, तिच्याखाली पेशींचा एक पट्टा दाताला चिकटलेला असतो आणि त्याखाली तंतूंचा दुसरा पट्टा दाताला घट्ट धरून असतो. त्यानंतर हाड येते. १९६१ साली गार्जुलो, वेंट्झ आणि ओर्बन यांनी मानवी जबड्यांच्या अभ्यासातून या तिन्हींची सरासरी दिली : फट ०.६९ मिलिमीटर, पेशींचा पट्टा ०.९७ मिलिमीटर आणि तंतूंचा पट्टा १.०७ मिलिमीटर. शेवटच्या दोन पट्ट्यांची बेरीज २.०४ मिलिमीटर होते. ही दोन मिलिमीटरची पट्टी म्हणजे तोंडातील असंख्य जंतू आणि आतील हाड यांच्यामधली भिंत होय. तिला ‘बायोलॉजिक विड्थ’ असे नाव मिळाले.

व्यवहारात दंतवैद्य हिरडीची कड आणि हाड यांमध्ये समोरच्या बाजूला सुमारे ३ मिलिमीटर अंतर राखतात. बँकेच्या खात्यात जशी किमान शिल्लक ठेवावी लागते, तशीच ही शरीराने घालून दिलेली किमान शिल्लक आहे. तिच्यावर जेवढे असेल, तेवढेच काढता येते. शिल्लक मोडली, तर खातेदाराला दंड बसतो. येथे तो दंड हिरडी कायम लाल व सुजलेली राहणे, रक्त येणे किंवा कापलेली हिरडी काही महिन्यांत पुन्हा वाढून पूर्वीच्या जागी येणे, या रूपाने भरावा लागतो.

ही शिल्लक मोजण्याची रीत सरळ आहे. जागा बधिर करून प्रोबचे टोक हिरडीतून अलगद हाडापर्यंत नेतात आणि खूण वाचतात. आपल्या उदाहरणातील मुलीच्या बाबतीत ही खूण ५ मिलिमीटर आली, तर ३ वजा जाता २ मिलिमीटर हिरडी काढता येईल. दात ८ चा १० मिलिमीटर होईल आणि प्रमाण शेकडा १०६ वरून ८५ वर येईल. त्यासाठी एकही दात घासावा लागणार नाही. व्हिनिअरही लागणार नाही. हिरडीखाली दडलेले तिचे स्वतःचे दंतवल्क उघडे होईल आणि तेच पुरेसे ठरेल.

परंतु तीच खूण ३ मिलिमीटर आली, तर काढण्याजोगे काहीच नाही. अशा वेळी लेसरने हिरडी उतरवली, तरी ती परत येते. तेथे हाडाची कडही थोडी मागे घेण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर हिरडी स्थिर होण्यास समोरच्या भागात तीन ते सहा महिने द्यावे लागतात आणि व्हिनिअर किंवा कॅप बसवायचीच असेल, तर ती त्यानंतर. पाच आठवड्यांवरील मुहूर्ताला हे गणित जुळत नाही. जो दंतवैद्य हे स्पष्टपणे सांगतो आणि काम लग्नानंतर करू म्हणतो, तो त्या कुटुंबाचा हितचिंतक समजावा.

आणखी एक हिशेब सांभाळावा लागतो. हिरडीचा कडेजवळचा फिकट गुलाबी, घट्ट पट्टा हा तिचा टिकाऊ भाग असतो. त्याच्या वर लालसर, सैल आवरण सुरू होते. या घट्ट पट्ट्याची रुंदीही मोजली जाते आणि उपचारानंतर तो किमान दोन मिलिमीटर तरी उरेल, असे पाहिले जाते.

एकच लक्षण, अनेक कारणे

हसताना तीन-चार मिलिमीटरहून अधिक हिरडी दिसली, की लोक ‘हिरड्या दिसतात’ म्हणतात. या एका तक्रारीमागे निदान पाच-सहा कारणे असू शकतात. वयात येताना हिरडी दातावरून जेवढी मागे सरकावी, तेवढी सरकली नसेल. वरचा ओठ आखूड असेल. ओठ लांबीने योग्य असून हसताना नेहमीच्या सहा ते आठ मिलिमीटरऐवजी फारच वर उचलला जात असेल. वरचा जबडाच उभ्या दिशेने अधिक वाढलेला असेल. दात चावण्याच्या सवयीने दात झिजले असतील आणि झिजत असताना हिरडीसह खाली उतरले असतील. किंवा औषधांमुळे हिरडी फुगली असेल.

हिरडी मागे सरकलेली नसेल, तर हिरडीची लहान शस्त्रक्रिया पुरते. दात खाली उतरले असतील, तर तारांचा उपचार, म्हणजे ऑर्थोडोंटिक उपचार, त्यांना वर नेऊ शकतो. ओठ अतिचपळ असेल, तर बोटुलिनमचे इंजेक्शन देतात, पण त्याचा परिणाम काही महिनेच टिकतो. जबड्याची वाढ अधिक असेल, तर जबड्याची शस्त्रक्रिया हाच खरा उपाय असतो आणि तेथे हिरडी कापत बसणे व्यर्थ होय. म्हणून ओठाची लांबी, त्याची हालचाल, दाताची लांबी आणि हाडाची पातळी ही चारही मोजमापे एका कागदावर आल्याखेरीज निदान पूर्ण होत नाही.

वयाचाही विचार आहे. किशोरवयात हिरडी अजून मागे सरकत असते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या आखूड दिसणाऱ्या दातांवर लगेच शस्त्र चालवू नये. वाढ पूर्ण होऊ द्यावी. पालकांना हा सल्ला संथ वाटतो, पण अनेकदा निसर्गच विनामूल्य काम करून जातो.

दोन दातांमधला त्रिकोण

दोन दातांच्या मधोमध हिरडीचा एक छोटा, टोकदार त्रिकोण असतो. तो नाहीसा झाला, की तेथे काळी पोकळी दिसते आणि अन्नाचे कण अडकतात. ही पोकळी राहील की भरेल, याचाही अंदाज मोजून घेता येतो. १९९२ साली टार्नो, मॅग्नर आणि फ्लेचर यांनी दाखवून दिले, की दोन दात जेथे एकमेकांना टेकतात, तेथपासून हाडापर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर हा त्रिकोण जवळजवळ नेहमीच पूर्ण भरलेला असतो. अंतर ६ मिलिमीटर झाले, की तो शेकडा ५६ ठिकाणीच भरलेला आढळला आणि ७ मिलिमीटरला शेकडा २७ ठिकाणी. एका मिलिमीटरने किती उलथापालथ होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण विरळा. गेलेला त्रिकोण परत आणणे दंतवैद्यकातील अत्यंत अवघड कामांपैकी एक आहे. त्यामुळे त्याला धक्का लागू न देणे हेच शहाणपणाचे.

सौंदर्याआधी आरोग्य

सुजलेल्या हिरडीचे मोजमाप म्हणजे पूर आलेल्या नदीचे पात्र मोजण्यासारखे आहे. दातांवरील जंतूंचा थर व कीटण काढून, घासण्याची योग्य पद्धत शिकवून काही आठवडे गेले, की सूज उतरते आणि कड स्वतःहून बदलते. म्हणून सौंदर्योपचाराचे मोजमाप साफसफाईनंतरच घ्यायचे असते. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. त्या काळात असे निर्णय टाळावेत.

हिरडी निरोगी आहे की नाही, हेही त्याच प्रोबने कळते. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी फटीची खोली मोजतात. समोरच्या सहा दातांचे छत्तीस आकडे होतात. खोली १ ते ३ मिलिमीटर आणि रक्त येत नसेल, तर हिरडी चांगली समजतात. ४ मिलिमीटर वा अधिक असेल, तर आधी हिरडीच्या आजाराचा उपचार करावा लागतो. मुळात हाड झिजत असेल, तर वरच्या रंगसफेदीने घर उभे राहत नाही.

आपल्या भागात याला आणखी एक पैलू आहे. मराठवाड्यातील खेड्यांतून, जालना जिल्ह्यातही, मिश्री लावण्याची जुनी सवय अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. घरातील आजी सकाळी बोटाने मिश्री हिरड्यांवर चोळते आणि तिला वाटते, की दात घट्ट होतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून तर आजार असूनही रक्त कमी येते आणि त्यामुळे दुखणे लपून राहते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही सुपारी व तंबाखू चघळण्याने तोंड हळूहळू उघडेनासे झालेले तरुण दवाखान्यांत येतच असतात. अशा तोंडात सौंदर्योपचाराचा विचार फार नंतरचा. लग्नाच्या निमित्ताने दाखवायला गेलेल्या नवरदेवाच्या तोंडातील पांढरा चट्टा वेळीच लक्षात आला, तर ती भेट कोणत्याही व्हिनिअरपेक्षा मोलाची ठरते.

घरातील ज्येष्ठांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिन व निफेडिपिन, फिट्सवरील फेनिटॉइन आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन या औषधांनी काही जणांच्या हिरड्या फुगतात. म्हणून चालू औषधांची यादी दंतवैद्याला अवश्य दाखवावी. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. ते बदलायचे की नाही, हे मूळ डॉक्टरांनी ठरवायचे असते.

काळसर हिरड्यांविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. गव्हाळ वा सावळ्या वर्णाच्या लोकांच्या हिरड्यांत मेलॅनिन हे रंगद्रव्य नैसर्गिकच असते. तो आजार नव्हे. वरचा थर काढून हिरडी गुलाबी करता येते, पण काही काळाने रंग पुन्हा येण्याची शक्यता असते. हे सांगितल्यानंतरही ज्याला करून घ्यावेसे वाटेल, त्याने खुशाल करावे.

पाहणाऱ्याची नजर

इतक्या मोजमापांनंतर एक मोजमाप पाहणाऱ्यांच्या नजरेचेही आहे. १९९९ साली अमेरिकेत कोकिच व सहकाऱ्यांनी हास्याच्या छायाचित्रांत हेतुपुरस्सर लहान-मोठे बदल करून ती ऑर्थोडोंटिस्ट, सर्वसाधारण दंतवैद्य आणि सामान्य माणसे यांना दाखवली. हसताना दिसणारी हिरडी २ मिलिमीटर झाली, की ऑर्थोडोंटिस्टांना ती खटकली. सामान्य माणसांना मात्र ४ मिलिमीटर होईपर्यंत काही वावगे वाटले नाही. आरशासमोर तासभर उभे राहून शोधलेला दोष समोर बसलेल्या पाहुण्यांना बहुधा दिसतच नाही. मोजमापाचा एक मोठा उपयोग असाही आहे, की पुष्कळांना त्यातून ‘काहीही करण्याची गरज नाही’ हे खात्रीचे उत्तर मिळते.

निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

कर्जाच्या कागदावर न वाचता सही करू नये, असे जाणते लोक सांगत आले आहेत. दातांच्या बाबतीत तर ती सही पुसताच येत नाही, कारण घासलेले दंतवल्क पुन्हा उगवत नाही. व्हिनिअरसाठी दाताच्या पुढच्या बाजूचा सुमारे अर्धा मिलिमीटर थर काढावा लागतो आणि हिरडीजवळ मुळात दंतवल्क तेवढेच पातळ असते. व्हिनिअर जन्मभर टिकत नाही. दहा-पंधरा वर्षांनी ते बदलावे लागू शकते. तेविसाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाचे हप्ते साठीपर्यंत तीन-चार वेळा भरावे लागतील, हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडावा. केवळ सौंदर्यासाठी केलेले उपचार आरोग्य विम्यातून सामान्यतः वगळलेले असतात, हेही आधीच जाणून घ्यावे.

म्हणून खुर्चीत बसण्यापूर्वी काही प्रश्न शांतपणे विचारावेत. माझ्या दातांची रुंदी, लांबी व प्रमाण किती आले? हिरडीच्या कडेपासून हाड किती अंतरावर आहे? हिरडीच्या फटींची खोली किती? दोष दाताचा आहे, हिरडीचा, ओठाचा की जबड्याचा? दात न घासता होण्यासारखा उपाय आहे काय? होणारा बदल तोंडात तात्पुरता बसवून दाखवता येईल काय? दातावर मऊ साहित्याचा तात्पुरता थर चढवून होणारे रूप आधी पाहता येते. घरच्यांनी ते पाहावे, हसून, बोलून, जेवून बघावे आणि मगच पुढे जावे. या प्रश्नांची उत्तरे आकड्यांसह लेखी मिळावीत. ज्याने खरोखर मोजले आहे, त्याला ती देण्यात अडचण नसते.

उपचार करणारी व्यक्ती दंतवैद्य कायदा, १९४८ प्रमाणे राज्याच्या नोंदवहीत नोंदलेली असावी. हिरडीच्या शस्त्रक्रियेसाठी पेरिओडोंटिक्स या शाखेत एम.डी.एस. केलेल्या तज्ज्ञाचे मत घेणे श्रेयस्कर. जालन्याहून सुमारे साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर येथे १९८२ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. खासगी दवाखान्याचा सल्ला घेतल्यानंतर दुसरे मत हवे असेल, तर रेल्वेने वा रस्त्याने सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते. आयुष्यभराच्या निर्णयासाठी एक दिवस खर्ची पडला, तर तो वाया गेला असे म्हणता येणार नाही.

पुन्हा त्या घरी जाऊ. आईच्या म्हणण्याप्रमाणे मोजमाप झाले आहे. टेबलावर एक कागद आहे आणि त्यावर आकडे आहेत : रुंदी ८.५, लांबी ८, हाडापर्यंत ५. आत्यानेही तो कागद चष्मा लावून वाचला आहे. आठ दात घासण्याचा बेत मागे पडला आहे. लग्नानंतर, सवडीने, दोन मिलिमीटर हिरडी उतरवायची की आहे तसेच राहू द्यायचे, हे मुलगी स्वतः ठरवणार आहे. तूर्त तिने दात साफ करून घेतले आहेत आणि हिरड्यांतून येणारे रक्त थांबले आहे.

छायाचित्रकार पुन्हा ‘जरा मोकळे हसा’ म्हणतो. या वेळी ती हसते.